लावणीनंतरचा युरिया: कुठे, किती आणि कधी

मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे भाताचं आवण (रोपं) उपटून लावणी चालू असेल, तर युरियाची गोणी फोडण्याआधी थोडं थांबा. नत्र किती टाकलं याच्याइतकंच ते खाचरात कुठे पडलं, हेही महत्त्वाचं आहे.

साचलेल्या पाण्यावर फेकलेल्या युरियाचा काही दिवसांत अमोनिया होतो. खाचरात शेवाळ असेल तर भर दुपारी ते पाण्यातला कर्बवायू शोषून घेतं, पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनिया उडून जातो. उरलेल्यातला काही भाग चिखलाच्या अगदी वरच्या, प्राणवायू असलेल्या पातळ थरात नायट्रेट बनतो. ते नायट्रेट खाली झिरपलं की तिथल्या प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचा पुन्हा वायू करून टाकतात. खाचर सतत वाळत-भरत राहिलं की हे नुकसान वाढतं.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे युरिया आणि डीएपी ही दोन खतं दाबून केलेली आपली गोळी. ती खोल, प्राणवायू नसलेल्या थरात गेली की नत्र अमोनियम रूपातच राहतं, मातीचे कण त्याला धरून ठेवतात आणि भाताला तर तेच रूप मानवतं. लावणी दोन्ही दिशांना आलटून-पालटून १५ आणि २५ सेंमी अंतराने, दोरीवर करा. १५ सेंमीवरच्या चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या) चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी, ७ ते १० सेंमी खोल खोचा. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. लावणीच्याच दिवशी काम उरका. नंतर त्या चौकोनात पाय पडू देऊ नका. वर-वर खोचलेली गोळी फेकलेल्या युरियासारखीच वाया जाते. पाणी न धरणाऱ्या, रेताड खाचरात गोळीचा फायदा कमी मिळतो. गोळी दिली की वरून पुन्हा युरिया नको.

गोळी मिळाली नाही तर सुधारित जातींसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, म्हणजे गुंठ्याला सुमारे २.२ किलो युरिया, तीन हप्त्यांत द्या: चिखलणीला ८७० ग्रॅम, फुटवे येताना ८७० ग्रॅम, लोंबी पोटरीत धरताना ४३० ग्रॅम. पहिला हप्ता शेवटच्या चिखलणीत मिसळा. वरखताच्या (नंतरच्या हप्त्यांच्या) वेळी आधी बेणणी (तण काढणी) करा, पाणी अगदी कमी ठेवा, संध्याकाळी खत द्या आणि बांधाची मोरी दोन-तीन दिवस बंद ठेवा. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर हप्ता पुढे ढकला. मोरीतून गेलेलं खत परत येत नाही.

एकदम जास्त देऊ नका, याचं कारण रोपातच आहे. मुळाने घेतलेल्या अमोनियमचं प्रथम ग्लुटामिन होतं, मग त्यातून इतर अमिनो आम्लं आणि प्रथिनं बनतात. या कामाला पानांनी उन्हात तयार केलेली साखर लागते. जुलैत आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं असतं, साखर कमी पडते आणि जादा नत्र प्रथिनांऐवजी मोकळ्या अमिनो आम्लांच्या रूपात पानांत साचतं. गडद हिरवं, लुसलुशीत भात बघायला छान वाटतं. पण करपा आणि तपकिरी तुडतुडे त्याच्यावरच तुटून पडतात, आणि पुढे दाणे भरताना पीक लोळतं.

नत्र कमी पडतंय का, हे पर्णरंग तक्त्याने, म्हणजे पानाच्या हिरव्या छटा क्रमांकाने दाखवणाऱ्या पट्टीने, बघा. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करा, मग दर ७ ते १० दिवसांनी. १० चुडांवरचं पूर्ण उघडलेलं सर्वांत वरचं पान, अंगाच्या सावलीत धरून, तक्त्याशी मधल्या भागात जुळवा. सहा किंवा जास्त पानं ४ क्रमांकाच्या छटेपेक्षा फिकी असतील तरच पुढचा हप्ता द्या. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून वर चढत असेल तर ती नत्राचीच कमतरता. रोप जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्याला देतं. नवं पानच फिकं पडत असेल तर कारण बहुधा वेगळं असतं, तिथे युरिया ओतू नका.

भातानंतर ओलाव्यावर वाल घेणाऱ्यांनी पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) चोळा आणि सावलीत सुकवा. महिन्याभराने दोन-चार रोपं मुळासकट हळूच उपटून गाठी कापून पाहा: आत गुलाबी-लाल असतील तर त्या हवेतलं नत्र बांधतायत, पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर नाहीत. वालाला युरिया जास्त झाला तर गाठी धरतच नाहीत.