एनर्जी ऑडिटमध्ये यायचंय? आधी बर्फाच्या कारखान्यात जाऊन या

मी रत्नागिरीचा. मेकॅनिकल करून एनर्जी ऑडिटच्या, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं ते मोजून दाखवण्याच्या कामात पडलो. क्लायमेट पॉलिसीत काम करायचंय म्हणून बरीच मुलं विचारतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो. बीईईची, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची, सर्टिफाइड एनर्जी ऑडिटरची परीक्षा असते, चार पेपर, अभ्यास नीट केला की निघतात. खरं अवघड पुढे आहे.

माझं पहिलं मोठं काम मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात. ब्राइन टँकवरची, म्हणजे बर्फ गोठवणाऱ्या थंड खारट पाण्याच्या टाकीवरची, लाकडी झाकणं कुजलेली, सक्शन लाइनचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या थंड नळीचं, इन्सुलेशन फाटून पाणी टपटप गळतंय, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत खारट पाण्यामुळे साचलेला थर, आणि कॉम्प्रेसर बिचारा रात्रंदिवस धापा टाकतोय. मी सगळं मोजून रिपोर्ट दिला. शेठनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "सोलर बसवतो म्हटलं तर बँक दारात येते, झाकणं बदलायला कोण लोन देईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोलर बसलं, झाकणं तशीच राहिली, म्हणजे उन्हातून मिळवलेली वीज त्याच भोकांतून वाया!

शेठना मी दोष देत नाही, कारण धोरणातही हेच चालतं. हवामान बदलावरच्या २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ मिशन होती, सोलरचं सगळ्यांना माहितीय, ऊर्जा कार्यक्षमतेचं, म्हणजे तेच काम कमी ऊर्जेत करण्याचं, किती जणांना? २०२३ ला दुबईच्या जागतिक हवामान परिषदेत रिन्यूएबल ऊर्जेची क्षमता तिप्पट आणि कार्यक्षमता वाढण्याचा वेग दुप्पट, हे एकाच वाक्यात ठरलं, लोकांच्या लक्षात राहिलं ते तिप्पट. प्रकल्पाला जमीन लागते, कंत्राटदार लागतो, उद्घाटनाची फीत असते. न जळलेल्या युनिटचं उद्घाटन कोण करणार? एन्रॉन, जैतापूर, जयगड या वीजप्रकल्पांवर आमच्याकडे घराघरात भांडणं झाली, पण मागणीच किती कमी करता येईल यावर गावात सभा झालेली मी तरी पाहिली नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वीज कंपनीचंही गणित समजून घ्या. कारखाने आणि दुकानं जास्त दर भरतात, त्यावर शेतीचा स्वस्त दर सांभाळला जातो, मग त्यांनीच वीज वाचवली तर कंपनीला खड्डा पडतो. भाड्याच्या घरात तर आणखी गंमत, पंखा मालकाचा आणि बिल भाडेकरूचं. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० चा, रोज १२ तास चालला तर वर्षाला जवळपास २०० युनिट वाचतात, तरी मालक का बदलेल?

२०१५ ची उजाला योजना चालली ती अशा अडचणी तिथे सुटल्या म्हणूनच. एलईडी घाऊक खरेदीने स्वस्त झाले, पैसे वीजबिलातून हप्त्याने द्यायची सोय होती, आणि वाचलेले पैसे त्याच माणसाच्या बिलात दिसले.

म्हणून आता मी रिपोर्टच्या पहिल्या पानावर टन, कार्बन काही लिहीत नाही. मागच्या बारा महिन्यांची बिलं, आणि दुरुस्तीचे पैसे कितव्या महिन्यात फिटतील, एवढंच. दुसऱ्या एका कारखान्यात याच पद्धतीने झाकणं बदलून घेतली, तेही मासेमारी बंद असते त्या पावसाळी दिवसांत, कारण सीझनमध्ये कोणी टँक रिकामा करू देत नाही.

आणि हो, जाताना चांगली पकड असलेले बूट घाला, टँकवरच्या फळ्या फार निसरड्या असतात. थंडावा तयार करायला वापरतात त्या अमोनिया वायूचा उग्र वास आला तर मीटर वगैरे तिथेच टाकून आधी बाहेर पडा.