भिंतीला ओल येते का? मग रंगाच्या आधी अंगणाचा उतार बघा

आमच्या हॉलच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात खालून दोन-अडीच फूट ओल चढायची, रंगाचे पोपडे निघायचे, कोपऱ्यात पांढरा खार यायचा. दोन वेळा प्लास्टर खरवडलं, केमिकल मारलं, वरून महागातला रंग दिला आणि श्रावण येईपर्यंत पुन्हा तेच. शेवटी एक वयस्कर मिस्त्री आले, त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही, सरळ मागच्या अंगणात गेले. मे महिना होता, काळी माती तापून भेगाळलेली, आणि बरोबर भिंतीला लागून एक लांब भेग, बोट सहज आत जाईल एवढी. त्यांनी घमेलंभर पाणी आणून त्या भेगेत ओतलं. सरसर आवाज आला आणि पाणी गायब, वर फक्त ओली रेघ राहिली. म्हणाले, "भाऊ, हाई पानी भीतमाच जाई राह्यनं."

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो की बाबांनो, आधी अंगणाला उतार द्या, रंगरंगोटी नंतर. आपल्या खान्देशात तर हे जास्तच महत्त्वाचं आहे कारण बहुतेक ठिकाणी घराखाली काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात ४४-४५ डिग्रीत वाळली की आकसते आणि भिंतीपासून सुटते. पहिला पाऊस थेट त्या फटीतून पायापर्यंत जातो, मग माती फुगून पाया उचलते, आणि दारं घासायला लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. पाऊस आपल्याकडे कोकणासारखा नाही हे खरं, पण जो येतो तो धो धो येतो. हिशोब करून बघा, हजार चौरस फूट स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर साधारण २३६० लिटर पाणी होतं, म्हणजे हजार लिटरचे दोन टँक भरून वर ३६० लिटर उरतं, आणि ते सगळं पन्हाळीतून भिंतीच्या बुडाशीच पडत असेल तर काय होणार.

कामाचा टाइम म्हणजे अखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर, रोहिणी नक्षत्र लागायच्या आत. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत पाय टाकता येत नाही, फावड्याला चिकटते, ट्रॅक्टर आत येत नाही, आणि ओल्या मातीवर धुमस (माती ठोकून घट्ट करायचं जड ठोकणं) मारून काही उपयोग नसतो.

सगळ्यात आधी पाणी शेवटी कुठं सोडायचं ते ठरवा. गावाची गटार आहे का, मागे नाला आहे का, की आपलंच परसदार मोठं आहे आणि तिकडे केळी-पपई लावल्या आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीकडे अजिबात सोडू नका, त्याच्याही घराखाली तीच काळी माती आहे. गावठाणात दोन घरांची भिंत एकच असते तिथं तर उतार एकाच बाजूला देता येतो, म्हणजे पुढे नाहीतर मागे, मग तिथं शेजाऱ्याला सोबत घेऊनच काम करा.

आता लेव्हल. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, मला आमचं अंगण एकदम सपाट वाटायचं. मिस्त्रीकडची लेव्हल पाईप घ्या, म्हणजे पारदर्शक बारीक नळी, ३०-४० फुटाची पुरते. पाणी भरताना आत बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं, म्हणून नळी सरळ धरून टिचक्या मारत बुडबुडे काढा, आणि माप घेताना दोन्ही तोंडं उघडी पाहिजेत, अंगठा काढायला लोक विसरतात. एक टोक भिंतीला धरा, दुसरं टोक भिंतीपासून १० फुटावर ठोकलेल्या खुंटीला. पाणी थांबलं की दोन्हीकडे खूण करा, या दोन खुणा एकाच लेव्हलला असतात. मग प्रत्येक खुणेपासून खाली जमिनीपर्यंत टेप लावा. आमच्याकडे भिंतीजवळ ३६ इंच भरलं आणि खुंटीजवळ ३३. म्हणजे खुंटीकडची जमीन ३ इंच उंच, पूर्ण अंगणाचं पाणी घराकडे! किती वर्षं असं चाललं होतं कोणास ठाऊक.

पाहिजे किती? मातीचं किंवा मुरमाचं अंगण असेल तर भिंतीपासून पहिल्या १० फुटात ६ इंच खाली गेलं पाहिजे. कोबा (काँक्रीटची जमीन) किंवा पेव्हर ब्लॉक असेल तर १० फुटाला अडीच इंच पुरतात कारण पाणी पटकन वाहतं. १० फुटाच्या पुढे गटारीपर्यंत १० फुटाला सव्वा इंच दिला तरी चालतं. एवढ्याशा उतारात काय वाहणार असं वाटत असेल तर पांझरा नदीवरची फड पद्धत आठवा, बंधाऱ्यातून पाट काढून नुसत्या उतारावर पाणी शेतोशेत फिरवायचे आपले लोक, ना मोटर ना पंप. पाटकऱ्याला जे कळायचं तेच इथं करायचंय, फक्त पाणी आणायच्या ऐवजी घरापासून लांब न्यायचंय.

आम्ही भिंतीकडे ५ इंच चढवलं आणि खुंटीकडे ४ इंच उकरलं. म्हणजे खुणेपासून आता ३१ आणि ३७, बरोबर ६ इंच उतार. पण भिंतीकडे भर टाकताना एक बघा, जोत्याच्या वर जाऊ नका. घरातल्या फरशीपासून बाहेरची जमीन निदान ६ इंच खाली राहिलीच पाहिजे, जास्त असेल तर चांगलंच, नाहीतर ओल सरळ विटांमधून आत चढते आणि सगळी मेहनत वाया. तेवढी जागा नसेल तर भर टाकू नका, बाहेरची बाजू उकरा. बोअरचं केसिंग, सेप्टिक टँकचं झाकण, नळाचा व्हॉल्व्ह हे पण गाडले जाणार नाहीत याची काळजी घ्या, केसिंग तर फूटभर वर काढूनच घ्या, घाण पाणी बोअरमध्ये जायला नको.

भर मुरमाचीच टाका. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून ट्रॉलीभर आणणारे खूप आहेत, पण ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भेगाळणार. नुसती रेती किंवा खडीही नको, त्यातून पाणी झिरपून खाली जातं आणि पायाशी साठतं. पिवळसर मुरूम, ज्यात थोडी माती थोडे बारीक खडे असतात, तो दाबला की घट्ट बसतो. हिशोब सोपा आहे, भिंत ४० फूट लांब, रुंदी १० फूट, भिंतीकडे ६ इंच आणि टोकाला शून्य, म्हणजे बरोबर १०० घनफूट, एक ब्रास. दाबल्यावर बसतो म्हणून सव्वा ते दीड ब्रास मागवा.

टाकायच्या आधी गवत, झुडपं मुळासकट काढा, कुजलं की तिथं खड्डा पडतो. भिंतीला लागून दोन फूट रुंदीत वरची ६ ते ९ इंच भुसभुशीत काळी माती काढून टाका, पण पायाच्या खाली खोदू नका. भेगा दिसतील त्यात बारीक मुरूम भरून पहारीने ठासा. मग मुरमाचा ४ इंचाचा थर, त्यावर झारीने पाणी, आणि धुमस. पाणी किती तर मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे पण हाताला चिखल लागायला नको. सगळा मुरूम एकदम ओतून वरवर धुमस मारली तर वरचा थर घट्ट आणि खाली पोकळ, पहिल्याच पावसात बसतो, हे आमच्या एका कोपऱ्यात झालं आणि तो कोपरा परत करावा लागला. भिंतीजवळ यंत्र जोरात चालवू नका, तिथं हाताचीच धुमस बरी.

दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून उतार धरत चला आणि मधेमधे लांब पट्टी ठेवून बघा, कुठं वाटीसारखा खड्डा राहिलाय का. वरून जमलं तर भिंतीला लागून अडीच फूट रुंदीचा कोबा करा, बाहेरच्या बाजूला एक इंच उतार देऊन, आणि कोबा आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यात सीलंट किंवा डांबर भरा, कारण पाणी तिथूनच घुसतं. कोबा झाल्यावर लगेच कोरडा पडू देऊ नका, आपल्या उन्हात ७ दिवस तरी पोती ओली ठेवून पाणी मारा.

गच्चीच्या पाईपचं पाणी भिंतीशी सोडू नका. खाली एल्बो लावून पाईप निदान ६-७ फूट लांब न्या. शोषखड्डा करायचा असेल तर घरापासून १० फूट तरी लांब, आणि काळ्या मातीतच थांबू नका, ती माती एकदा फुगली की पाणी पितच नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खणा. आमच्याकडे साडेचार फुटावर लागला. भिंतीला खेटून केळी किंवा मोठ्या कुंड्या असतील तर त्यापण हलवा, रोजचं पाणी तिथं पायाशीच मुरतं.

आता एक अवघड केस, जी गावोगाव दिसते. रस्ता दर वेळी जुन्यावर नवीन काँक्रीट टाकून उंच होत जातो आणि आपला ओटा खाली जातो. आमच्या मामांकडे असंच झालंय, रस्ता अंगणापेक्षा ९ इंच वर. गेल्या वर्षी दारातून पाणी घरात आलं, धान्याची पोती भिजली, मामी रात्रभर बादल्या उपसत होत्या. याचा मला खूप राग आहे, जुना थर खोदून मगच काँक्रीट टाकायला काय हरकत आहे. असं असेल तर पूर्ण अंगण उंच करायच्या नादी लागू नका, घरच खड्ड्यात जाईल. गेटच्या आत आडवी चर काढा, ९ इंच रुंद, वर लोखंडी जाळी, आणि तिला एका बाजूला उतार देऊन पाणी मागच्या नाल्याकडे काढा. अंगणाचा उतार घरापासून त्या चरीकडे आणि गेटचा उतार पण त्या चरीकडेच, म्हणजे दोन्हीकडचं पाणी मधेच उचललं जातं. जाळी उचलता आली पाहिजे, पाला अडकतो, आठवड्यातून एकदा काढावाच लागतो.

काम झालं की पावसाची वाट बघू नका. पाईपने भिंतीपासून दोन फुटावर अर्धा तास पाणी सोडा आणि बसून बघा. कुठं थबकतंय, कुठं भिंतीकडे वळतंय, तिथं चुन्याने खूण करा आणि तेवढाच मुरूम टाकून परत ठासा. दोन पावसाळे तरी जमीन थोडी थोडी बसत राहते, म्हणून पोळ्याच्या आसपास एकदा आणि पुढच्या उन्हाळ्यात एकदा पुन्हा लेव्हल पाईप लावा, आणि अर्धा ब्रास मुरूम परसात झाकून ठेवून द्या, लागतोच.