या चुका टाळा: प्रोसेसर बघून कंपायलरचे ऑप्शन निवडताना

इंदूरच्या सियागंजात एका ठोक व्यापाऱ्याकडे मी हिशेबाचा प्रोग्राम बसवायला गेलो होतो. रामबागेत घरी, नव्या लॅपटॉपवर तो झकास पळत होता. दुकानातल्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीवर एंटर दाबताच ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न कळणारी सूचना, म्हणजे आज्ञा) आलं आणि प्रोग्राम बंद! दुकानदार काका म्हणाले, “अहो, व्हायरस शिरला का?”

व्हायरस नव्हता. मी जीसीसी या कंपायलरला, म्हणजे सोर्स कोडचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, ‘एम-आर्च=नेटिव्ह’ हा ऑप्शन दिला होता. नेटिव्ह म्हणजे, जिथे कंपाइल चाललंय त्या मशीनकडे असेल-नसेल ते सगळं वापर. लॅपटॉपमध्ये एव्हीएक्स-२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा संच) होतं. इंटेलने ते २०१३ साली हॅसवेलमध्ये, म्हणजे चौथ्या पिढीत आणलं. जीडीबीत (चुका शोधायच्या साधनात) प्रोग्राम जिथे पडला तिथली सूचना बघितली, तर ‘व्हीपीब्रॉडकास्टडी’. ही एव्हीएक्स-२ चीच.

दुसऱ्याच्या मशीनवर जाणाऱ्या प्रोग्रामला नेटिव्ह लावूच नका. आधी त्या मशीनवर ‘एलएससीपीयू’ ही प्रोसेसरची माहिती देणारी लिनक्स कमांड चालवा आणि फ्लॅग्सची (प्रोसेसरला येणाऱ्या सूचना-संचांची) ओळ नीट वाचा. नुसत्या पिढीवरून अंदाज बांधू नका, कारण चौथ्या पिढीनंतरच्याही कित्येक पेंटियम-सेलेरॉनमध्ये एव्हीएक्स-२ नाही. मशीन वेगवेगळी असतील तर जीसीसी ११ पासून मिळणाऱ्या ‘एम-आर्च’च्या पायऱ्या बघा: ‘एक्स८६-६४-व्ही२’ एसएसई-४.२ या जुन्या सूचना-संचापर्यंत जाते, ‘व्ही३’ला एव्हीएक्स-२ लागतं. मी व्ही२ घेतली.

तरीही प्रोग्राम तसाच पडला! ही चूक जास्त वेळ खाते. मेकफाइलमधला (प्रोग्राम बांधणाऱ्या ‘मेक’ साधनाच्या नियमांच्या फाइलीतला) ऑप्शन बदलला, पण सोर्स फाइलची तारीख बदलली नव्हती, म्हणून ‘मेक’ने जुन्याच ऑब्जेक्ट फाइली (आधी कंपाइल झालेले तुकडे) जोडल्या. ऑप्शन बदलला की आधी ‘मेक क्लीन’ देऊन जुने तुकडे पुसा, मग बाकी सगळं. स्वतः बांधलेल्या लायब्रऱ्याही पुन्हा बांधा.

‘एम-ट्यून’ वेगळं. ते फक्त सूचनांची निवड आणि क्रम सांगितलेल्या प्रोसेसरला सोयीचा ठेवतं, नव्या सूचना घालत नाही. त्यामुळे प्रोग्राम जुन्या मशीनवरही चालतो. ‘एम-आर्च=एक्स८६-६४-व्ही२’ आणि सोबत ‘एम-ट्यून=जेनेरिक’ ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

दोन मशीनवर बेरजेचा शेवटचा अंक जुळत नसेल, तर एफएमए ही सूचना तपासा. त्यात गुणाकार आणि बेरीज मिळून एकदाच राउंडिंग होतं. ‘एफ-एफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ देऊन बघा. वेगासाठीचा ‘ओ-फास्ट’ ऑप्शन मात्र हिशेबाच्या कामात नको म्हणजे नकोच: त्याने फास्ट-मॅथ (अचूकतेचे नियम सैल करून गणित पळवणं) चालू होतं, आणि आकडा ‘नॅन’ (संख्याच नसलेला निकाल) आहे का ही तुमची तपासणी कंपायलर खुशाल उडवून टाकतो. पैशांचा हिशेब तर फ्लोटमध्ये (अंदाजे साठवलेल्या दशांश आकड्यांत) ठेवूच नये. पैसे पूर्णांकात मोजावेत, मी आता तसंच करतो.

व्ही२ ने वेग पडेल अशी मला धास्ती होती. ‘पर्फ’ने (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनाने) मोजलं तेव्हा कळलं की बहुतेक वेळ वह्यांच्या फाइली वाचण्यातच जात होता. काकांना काडीचाही फरक जाणवला नाही.