मे महिन्यात पीएस४ का बोंबलतो?

नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की पीएस४ चा (सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलचा) पंखा मिक्सरसारखा ओरडू लागतो. सोनीने या यंत्रासाठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सांगितलंय. आपल्याकडे दुपारी ते मिळणार कुठून? त्यात हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धूळ बसली की यंत्र तापून आपोआप बंद पडतं. मेकॅनिककडे नेण्याआधी ती धूळ काढून पाहा.

प्लग काढून थोडा वेळ थांबा. मागचे स्क्रू टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचे) टी८ किंवा टी९ चे असतात, मधोमध भोक असलेला बिटच लागतो. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. धूळ उडवायला ब्लोअर (हवेचा झोत सोडणारं यंत्र) मारताना पंखा बोटाने घट्ट धरा. मोकळा सोडलात तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

तरीही तापत असेल तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पोहोचवणारी लेप) वाळली असेल. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी पुरते. आणि हो, कूलरच्या थेट झोतात कन्सोल ठेवू नका. हवा गार लागते खरी, पण दमट असते.