भाजे लेण्यांपर्यंत, सावकाश

ज्येष्ठ मंडळींची सहल आखताना किलोमीटर नंतर मोजा, आधी बसायच्या जागा मोजा. गेली सहा वर्षं मी आमच्या सोसायटीतल्या साठी-सत्तरीच्या मंडळींना थंडीत भाजे लेण्यांना नेते, आणि दर वेळी आठवडाभर आधी एकटी जाऊन येते. कुठल्या टपरीबाहेर बाकडं आहे, कुठल्या झाडाला पार आहे, कुठला हॉटेलवाला बायकांना स्वच्छतागृह वापरू देतो, हे सगळं वहीत लिहून आणते.

भाजेच का? पुण्याहून लोकलने मळवलीला उतरलं की एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून गावापर्यंत जवळजवळ सपाट डांबरी रस्ता आहे. पायथ्यापर्यंत साधारण दोन किलोमीटर, मग दीडदोनशे पायऱ्या. आल्या वाटेनेच परतायचं असतं, त्यामुळे कुणालाही मधूनच मागे फिरता येतं. ज्यांना पायऱ्या नकोत ते गावात चहा घेत बसतात. गोल फिरून येणाऱ्या वाटेवर ही सोय नसते. अर्ध्यात थकलं तरी पुढे चालावंच लागतं. पायथ्याशी कुणीतरी हमखास म्हणतं, "आलोच आहोत तर लोहगडही करू." नाही म्हणायचं, आणि ते निघण्याआधीच सांगून ठेवायचं.

लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी डोंगराची सावली पायऱ्यांवर असते, दुपारनंतर ऊन थेट अंगावर येतं. म्हणून नऊच्या आत पायथा गाठा. दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा परतीची गाडी आदल्या दिवशीच बघून ठेवा. पावसाळ्यात मात्र नकोच. पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि धबधब्याला गर्दी लोटते.

पहिल्या वर्षी आमच्यातल्या एक काकू उतरताना मध्येच खाली बसल्या. ओठ कोरडे, हात गार. पाणी द्यावं म्हणून त्यांची पिशवी उघडली, तर बाटलीचं सीलही तोडलेलं नव्हतं. "वाटेत जायला लागलं तर कुठे जाऊ, म्हणून प्यायलेच नाही गं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून निघतानाच मी मोठ्याने सांगते: स्वच्छतागृह इथे आहे, पुढचं तिथे आहे, पाणी प्या. दर अर्ध्या तासाला सगळ्यांबरोबर मीही दोन घोट घेते. ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने बंद करू नका. मधुमेह असलेल्यांनी खाऊनच निघावं आणि खिशात साखर ठेवावी. प्रत्येकाच्या खिशात नाव, औषधं आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

सगळ्यात हळू चालणाऱ्याला माझ्या लगेच मागे ठेवते, शेवटी कधीच नाही. पुढचे थांबून विसावा घेतात आणि मागचा पोचला की लगेच निघतात. त्या बिचाऱ्याला विसावा मिळतच नाही. शेवटी एखादा धडधाकट, धीराचा माणूस ठेवा. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की थांबा.

दम लागतो तो चढताना, गुडघे दुखतात ते उतरताना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उतरताना काठी खालच्या पायरीवर टेकवायची, मग पाऊल टाकायचं. पायरी उंच असेल तर अंग जरा आडवं करून उतरा. दोन दिवस आधी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर ती बुटात रुततात. अत्तर, सेंट लावू नका. अशा कड्यांवर आग्या मोहोळ असतं.

वर चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थनेच्या दालनात, किमान अर्धा तास ठेवा. आत जरा आतल्या बाजूला कललेले खांब आहेत आणि छताला दोन हजार वर्षांहून जुन्या लाकडी कमानी. डोळे अंधाराला सरावले की त्या एकेक करून दिसायला लागतात. इथे कुणालाही घाई करू नका.

परतल्यावर काम संपत नाही. पायाचे गोळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात, म्हणून तिसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला फोन करते. "ठीक आहे" एवढ्यावर सोडत नाही. जिना उतरताना कसं वाटलं ते विचारते. उत्तर वहीत त्यांच्या नावापुढे लिहिते, आणि पुढची वाट त्यावरून ठरवते.