सिन्स की फॉर? ‘झाले’ लावून बघा, लगेच कळतं

धाकट्या भावाने नोकरीचा मेल पाठवायच्या आधी मला वाचायला दिला, पहिलंच वाक्य, ‘आय अ‍ॅम वर्किंग इन अकाउंट्स सिन्स थ्री इयर्स’. ही चूक आपल्या लोकांची हमखास होते आणि त्याचं कारण आपलं ‘पासून’ आहे. सोमवारपासून पाऊस आहे, चार दिवसांपासून पाऊस आहे, मराठीत दोन्हीकडे तेच चालतं. इंग्रजीत मात्र सोमवारला सिन्स आणि चार दिवसांना फॉर.

पहिलं काम, वाक्यातला वेळेचा शब्द उचला आणि त्याला ‘झाले’ लावून बघा. ‘चार दिवस झाले पाऊस पडतोय’, बरोबर वाटतं ना? मग फॉर. ‘सोमवार झाले पाऊस पडतोय’ असं कुणीच म्हणत नाही, म्हणजे सिन्स. तीन वर्षं झाली, दहा मिनिटं झाली, खूप दिवस झाले, सगळीकडे फॉर. काल, सकाळी नऊ, 2019, लहानपण, लग्न, इथे कधी सुरू झालं ते सांगताय म्हणून सिन्स.

‘गेल्या दोन वर्षांपासून’ला सगळ्यात जास्त लोक फसतात, सरळ ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ लिहून टाकतात. पण गेली दोन वर्षं हा कालावधीच आहे, तेव्हा ‘फॉर द लास्ट टू इयर्स’. नुसतं ‘लास्ट मंडे’ असेल तर सिन्स बरोबर.

आता क्रियापद बघा, कारण नुसता शब्द बदलून भागत नाही. काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून ‘अ‍ॅम वर्किंग’ नाही, ‘हॅव बीन वर्किंग’. भावाचं वाक्य झालं ‘आय हॅव बीन वर्किंग इन अकाउंट्स फॉर थ्री इयर्स’. नोकरी सोडलेली असेल तर ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’, तिथे सिन्स बसत नाही कारण त्याची दोरी आजपर्यंत ओढलेली असते.

मग भावाने विचारलं, ‘इट हॅज बीन थ्री इयर्स सिन्स आय जॉइन्ड’ असं तर साहेब स्वतः लिहितात, त्याचं काय? तेही बरोबरच आहे. त्यातलं सिन्स तीन वर्षांना लागलेलंच नाही, ते पुढच्या ‘जॉइन्ड’ला लागलंय, आणि जॉइन झालो तो एक दिवस होता.