तंद्री लागली की उघडणारी खिडकी

प्रेक्षकाला प्रतिसाद देणाऱ्या बहुतेक व्हिडिओ मांडणींत (इन्स्टॉलेशन) हात हलवला की काहीतरी घडतं. दिवास्वप्नांवरची मांडणी याच्या उलट हवी: माणूस स्वस्थ बसला की चित्र उलगडावं, चुळबुळ केली की विरावं. हाताशी काम नसतानाच मेंदूचे काही भाग जास्त कामात असतात, हे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलं. स्वस्थ बसण्याचं हे मोल प्रेक्षकाला बसल्या जागी जाणवावं, एवढ्यासाठी ही खटपट.

खोली अंधारी असू द्या आणि खुर्ची पाठीची, हातांची घ्या. स्टुलावर माणूस पाच मिनिटंसुद्धा निवांत बसत नाही. चित्राची रुंदी २ मीटर असेल तर खुर्ची ३ मीटरवर ठेवा. १.२ थ्रो रेशोचा (अंतर भागिले चित्राची रुंदी) प्रोजेक्टर २.४ मीटरवर बसतो; तो छताला टांगा, म्हणजे उठणाऱ्याची सावली चित्रावर पडणार नाही.

व्हिडिओचे दोन थर लागतात. खालच्या थरात साधी खिडकी, पडदा, समोरची भिंत. वरच्या थरात स्वप्न: पाण्यातलं हलतं प्रतिबिंब, भिंतीवरून सरकणारं ऊन, ढग. चेहरे आणि गोष्ट टाळा. प्रेक्षक गोष्टीमागे धावला की त्याचं स्वतःचं मनोराज्य थांबतं. खालचा थर ७ मिनिटांचा आणि वरचा ११ मिनिटांचा ठेवला, तर तीच जोडी ७७ मिनिटांनीच परत येते. दोन्ही थर सतत चालू ठेवा, फक्त वरच्याची अपारदर्शकता बदला. थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ हमखास अडखळतो.

आता कॅमेरा. साधा वेबकॅम इथे फसतो. चित्र उजळलं की तो उजेड प्रेक्षकाच्या तोंडावर पडतो, कॅमेऱ्याला ती हालचाल वाटते, चित्र मिटतं, तोंड अंधारतं, पुन्हा हालचाल. असं लुकलुकणं न थांबता चालू राहतं. त्यावर उपाय इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचा: ८५० नॅनोमीटरचा दिवा, इन्फ्रारेड अडवणारी काच नसलेला कॅमेरा आणि त्याच्यापुढे दिसणारा प्रकाश अडवणारं फिल्टर. एक्स्पोजर आणि गेन (कॅमेरा चित्र किती उजळवतो ते) हाताने ठरवून बांधून टाका, स्वयंचलित ठेवू नका. उन्हातही इन्फ्रारेड असतं, म्हणून खोलीच्या खिडक्या जाड कापडाने झाका.

हालचाल मोजणं सोपं आहे. सेकंदाला १० फ्रेम, ३२० बाय २४०, करड्या रंगात. फक्त खुर्चीपुरता भाग कापा, किंचित धूसर करा आणि मागच्या फ्रेमशी वजाबाकी करा. २५५ पैकी २५ हून जास्त फरक पडलेले पिक्सेल मोजा, कापलेल्या भागाशी त्यांची टक्केवारी काढा आणि शेवटच्या २० फ्रेमची सरासरी धरा. ०.८ टक्क्यांखाली चित्र उघडू द्या, २ टक्क्यांवर मिटू द्या, मधल्या पट्ट्यात आहे तिथेच थांबवा. एकच सीमा ठेवली तर चित्र तिच्याभोवती थरथरतं. हे आकडे सुरुवातीचे. सैल बाही किंवा मोकळे केस असलेल्या माणसाला बसवून बघा आणि ०.८ ची सीमा इतकी वर न्या की श्वासाने, पापण्यांच्या उघडझापीने ती ओलांडली जाणार नाही.

वरच्या थराची अपारदर्शकता ० (अदृश्य) ते १ (पूर्ण दिसणारा) मध्ये मोजा. उघडताना दर फ्रेमला ०.००२५ वाढवा, म्हणजे ४० सेकंदांत चित्र पूर्ण उघडतं, मिटताना ०.०१२५ कमी करा, म्हणजे ८ सेकंद. हा आकडा दशांशातच ठेवा. २५५ च्या पूर्णांकांत ठेवला तर उघडतानाची वाढ जेमतेम ०.६४ होते, दर वेळी कापली जाऊन शून्य होते आणि चित्र कधीच उघडत नाही. शिंक आली म्हणून एकदम शून्यावर आणू नका. तंद्री मोडते तीही हळूहळूच, आणि प्रेक्षकाला परत जायला वाट राहिली पाहिजे.

सगळ्यात स्वस्थ कोण बसतं? रिकामी खुर्ची. माणूस आहे की नाही हे पार्श्वभूमी वजा करून ओळखू पाहाल तर फसाल, कारण स्थिर बसलेला माणूस काही वेळात पार्श्वभूमीतच जमा होतो. त्यापेक्षा गादीखाली दाबपट्टी घाला: पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर ॲल्युमिनियम फॉइल, मध्ये ५ मिलिमीटर फोम आणि फोमला ३ सेंटिमीटरची भोकं. कुणी बसलं की भोकांतून फॉइल फॉइलला टेकतं. एक तार आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाच्या इनपुटला (पुलअप, म्हणजे इनपुट मोकळं असताना 'वर' धरणारा आतला रोधक, चालू करून), दुसरी ग्राउंडला. कूस बदलताना टेकण क्षणभर सुटतं, म्हणून सलग ३ सेकंद सुटलेलं असेल तरच खुर्ची रिकामी धरा. काही आठवड्यांनी फोम दबून बसतो आणि पट्टी रिकाम्या खुर्चीतही 'बसलेलं' दाखवते. जादा फोम कापून ठेवा.

व्हिडिओला आवाज असेल तर तो प्रोजेक्टरच्या पंख्यापेक्षा किंचितच मोठा पुरे, आणि स्पीकर खुर्चीच्या मागे ठेवा.

फलकावर 'हलू नका' लिहू नका. ते वाचून लोक श्वास रोखतात, आणि रोखलेला श्वास सुटताना खांदे चांगले हातभर हलल्यासारखे कॅमेऱ्याला दिसतात. 'बसा' एवढंच लिहा. त्याखाली बारीक अक्षरांत, कॅमेरा काहीही साठवत नाही हे सांगा, आणि खरोखरच साठवू नका: फ्रेमची वजाबाकी मेमरीतच करून लगेच टाकून द्या.